तुम्ही कोण, पाव्हणं?

धुळीनं माखलेल्या एका गावात हैबती नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे किती भोळा? त्याची थोरली बहीण बनाक्का एकदा त्याला म्हणाली, "जरा दाराकडं बघ, मी पाणी घेऊन येते." हैबती दाराकडं बघत बसला. शेळी आली परसातून. तिनं टोपलीतल्या पाच भाकरी खाल्ल्या, वर पाणी प्याली आणि निघून गेली. हैबतीनं मान वळवली नाही. दार सोडून दुसरीकडं बघायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण मनानं सोनं. खोटं बोलायला जेवढी अक्कल लागते तेवढीसुद्धा त्याच्याकडं नव्हती, म्हणून त्याची बायको गजरा त्याच्यावर खूश होती. गावातल्या शहाण्या नवऱ्यांच्या बायकांना विचारा, म्हणजे गजरा का खूश होती ते कळेल.

गजरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. माहेर तीन कोसांवर. तिचा बाप सर्जेराव म्हणजे पिळदार मिशी, बोलणं कमी आणि खाकरणं जास्त. असला जावई पदरात पडला म्हणून तो तीन वर्षं खाकरत होता.

निरोप आला, मुलगा झाला. हैबती आनंदानं धावत सुटला. धावता धावता त्याच्या डोक्यात एक किडा शिरला. मागच्या वर्षी हा पोरगा नव्हता. आज आहे. मग मागच्या वर्षी तो होता कुठं?

मोठमोठ्या दाढीवाल्यांना हे कोडं अजून सुटलेलं नाही. ते झाडाखाली बसून विचार करतात आणि जेवणाची हाक आली की उठतात. हैबतीला एवढी सवड नव्हती. त्यानं ठरवलं, थेट विचारून टाकू.

सासरच्या ओट्यावर वीस-पंचवीस माणसं बसली होती. गूळ वाटणं चाललं होतं. सासूनं नातवाला उंबऱ्यापाशी आणलं, दुपट्यातून त्याचं तोंड उघडं केलं. हैबतीनं पोराकडं बघितलं. पोरानं जांभई दिली. त्याची मूठ सुपारीएवढी होती. हैबतीला भरून आलं. आणि त्यानं मोठ्यानं विचारलं,

"मामी, हा आला कुठून?"

ओट्यावरचा अडकित्ता कातरता कातरता थांबला.

"अगं बाई!" सासूनं तोंडाला पदर लावला.

"नाही, म्हणजे," हैबतीनं नीट उलगडून सांगितलं, "आमच्या घरात तर नव्हता. मग हा कुणाकडचा?"

आतून गजरा ओरडली, "अहो, गप बसा की! काय बोलताय!"

सर्जेराव उठला. मिशी थरथरत होती. "पाव्हणं! माझ्या पोरीच्या बाळंतपणात, माझ्या दारात उभं राहून असलं विचारणारे तुम्ही कोण?"

दुसरा कुणी असता तर मान खाली घालून गप बसला असता. पण हैबतीला विचारलं की तो विचार करायचा. मी कोण? हैबती? ते तर नाव झालं, नाव शेळीलाही असतं. गजराचा नवरा? ते लग्नानंतर झालं. त्याच्या आधी कोण होतो? त्यानं आत शोधलं, बाहेर शोधलं. सापडलं नाही. तो खरं तेच बोलला.

"मामा, ते मला ठाऊक नाही."

ओट्यावर कुणीतरी फिसकन हसलं. सर्जेरावाचं टाळकंच फिरलं. "ठाऊक नाही? मग ऐका. बाराव्या दिवशी बारसं आहे. तोवर तुम्ही कोण ते ठाऊक करून या आणि या चार माणसांत सांगा. सांगितलंत तर सव्वा महिन्यानं गजरा आणि नातू तुमच्या गाडीत बसतील. नाही सांगता आलं, तर ती दोघं इथं आणि तुम्ही तुमच्या शेळ्यांत!"

बोलला तो रागात. पण चार माणसांत बोलला. आणि मिशीवाल्या माणसाला चार माणसांत बोललेलं मागं घेता येत नाही, मग ते कितीही खुळचट असो.

हैबतीनं एकदा उंबऱ्याकडं बघितलं. सुपारीएवढी मूठ त्यानं नुकती कुठं बघितली होती.

घरी आला. बनाक्का दळत होती.

"आक्का, मी कोण?"

"कोण म्हणजे? बिनडोक."

"तसं नाही. खरं सांग. नाहीतर गजरा येत नाही."

बनाक्कानं जातं थांबवलं. तिनं चार-दोन कीर्तनं ऐकली होती, आणि ऐकलेलं वाया घालवणाऱ्यांतली ती नव्हती. म्हणाली, "हे बघ हैबत्या. हे अंग म्हणजे माणूस नव्हे. अंग हा नुसता वरचा कपडा. खरा माणूस आत बसलेला असतो. त्या आतल्याला ओळखायचं."

"अस्सं! हे आधी नाही का सांगायचं?" हैबती म्हणाला आणि निघाला.

चावडीपुढं पाटील बसले होते. डोक्याला भला मोठा गुलाबी फेटा. हैबती त्यांच्यासमोर उभा राहिला. बघत राहिला.

"काय रे, काय काम आहे?"

"तुमच्याकडं नाही, पाटील. आतल्या पाटलांकडं आहे."

"आतले कोण पाटील?"

"हे बाहेरचं सगळं कपडाच आहे. खरे पाटील आत बसलेत," हैबती म्हणाला, आणि त्यानं फेट्याचं टोक धरून ओढलं. फेटा उलगडत गेला. पाटील स्वतःभोवती दोनदा फिरले. शेवटी फेटा संपला आणि आतून निघालं टक्कल. गुळगुळीत, ऊन पडल्यावर चमकणारं. वीस वर्षं पाटलांनी ते पाटलीणबाईंखेरीज कुणाला दाखवलं नव्हतं.

हैबतीनं त्या टकलावर दोन बोटांनी टकटक केलं. "पाटील, आत आहात का?"

चावडीवरची माणसं हसू दाबता दाबता रडकुंडीला आली. पाटलांनी त्याला वहाणेनं बडवला. बडवता बडवता शिकवलं, "मोठ्या माणसापुढं आपली पायरी ओळखावी! 'मी कुणीच नाही' असं म्हणावं! काय म्हणावं?"

"मी कुणीच नाही."

"कुणी विचारलं तर?"

"कुणीच नाही."

"हां! आता चालता हो."

"हे आधी नाही का सांगायचं?" हैबती म्हणाला आणि पाठ चोळत पुढं निघाला. पाठ दुखत होती, पण उत्तर तर मिळालं होतं. मी कुणीच नाही. किती सोपं. आता ते पाठ करायचं, विसरायचं नाही.

ऊन कडक होतं. बाजाराच्या गावी मोतीशेटची गुळाची वखार उघडी दिसली. हैबती आत शिरला, ढेपींच्या मागं गारव्याला आडवा झाला. मोतीशेटला त्या दिवशी गावाला जायची घाई होती. त्यानं किल्ली काढली आणि दारातून आत हाळी दिली,

"आत कोण आहे का?"

"कुणीच नाही!" आतून आवाज आला.

मोतीशेटनं कुलूप लावलं आणि तो गेला. हिशोबाचा पक्का माणूस, दोनदा विचारून घेतल्याशिवाय ढेप विकायचा नाही. पण आपल्याला हवं ते उत्तर मिळालं की शहाणी माणसं ते कुठून आलं हे बघत नाहीत.

तीन दिवसांनी कुलूप उघडलं. ढेपींच्या मागून आधी मुंग्यांची रांग बाहेर आली. रांगेच्या शेवटी हैबती. गालाला गूळ, मिशीला गूळ, कानात मुंग्या. एक अख्खी ढेप गायब.

"चोरा! तू आत होतास?"

"होतो की."

"मग मी विचारलं तेव्हा आतून 'कुणीच नाही' म्हणून कोण बोललं?"

"कुणीच नाही."

"अरे, पण तू होतास ना?"

"होतो."

"मग तू कोण?"

"कुणीच नाही."

मोतीशेटला घेरी यायला लागली. तो उंबऱ्यावरच बसला. तागडीची दांडी हातात होती. तिनं त्यानं हैबतीला चार रट्टे दिले आणि दर रट्ट्याला एकेक शब्द शिकवला. "असलेल्यानं! आहे! असं! म्हणावं! 'कोण आहे' असं कानावर आलं रे आलं की हात वर करायचा आणि ओरडायचं, 'मी आहे, मी आहे!' समजलं?"

"समजलं. हे आधी नाही का सांगायचं?" हैबती म्हणाला. त्याला पाटलांचा जरा रागच आला. चुकीचं शिकवून वर मारलं होतं त्यांनी.

दिवस संपत चालले होते. बारसं उद्यावर आलं. हैबती अंगावरच्या मुंग्या धुवायला नदीवर गेला. तिथं घाटावर गर्दी होती. वरच्या आळीतल्या बापू नावाच्या म्हाताऱ्याचा दहावा होता. पिंड मांडून तास झाला होता, पण कावळा शिवत नव्हता. झाडावर नऊ कावळे बसले होते. एकालाही भूक नव्हती.

दोन्ही मुलांनी हात जोडले. "बापू, धाकट्या नातीचं लग्न थाटात करून देऊ." कावळा येईना. "बापू, तुमची पांढरी गाय विकणार नाही." कावळा येईना. बापूंची म्हातारी पुढं झाली. "मी रोज तुमच्या नावानं दिवा लावीन." एका कावळ्यानं मान फिरवली.

शेवटी जमलेल्यांतला एक जाणता म्हणाला, "बापूंचा जीव कुणात तरी गुंतलाय. आपल्याला ठाऊक नसलेलं कुणीतरी मागं राहिलंय." आणि त्यानं घाटावरच्या सगळ्यांना विचारलं, "असं कोण आहे?"

"मी आहे! मी आहे!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. पाण्यात कमरेएवढा उभा, हात वर केलेला, मिशीला गूळ लागलेला एक अनोळखी बाप्या.

आणि त्याच क्षणाला कावळा खाली उतरला, त्यानं पिंडाला चोच मारली.

म्हातारीनं हैबतीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. नाक बघितलं. कान बघितले. मग तिनं आवाज काढला.

"मेल्या, तू बापूंचा कोण?"

"तेच तर शोधत फिरतोय, आजी."

"तुझी आई कोण? कुठल्या गावची?"

"चिंचाळवाडीची. पण ती आता नाही."

"चिंचाळवाडी!" म्हातारीनं कपाळावर हात मारला. "दर सोमवारी बैल बघायला जातो म्हणायचे! तीस वर्षं बैल बघत होते!"

थोरला म्हणाला, "शेतात वाटा मागायला आलाय." धाकट्यानं बाही वर केली. मग त्या दोन भावांनी मिळून हैबतीला असा बदडला, की बापाच्या आजारपणातसुद्धा त्यांनी एवढी एकी दाखवली नव्हती.

सोडवला तो भटजींनी. म्हातारे, शांत, दातांचं बोळकं झालेले. त्यांनी हैबतीला बाजूला नेलं, तोंडावर पाणी मारलं, सगळी हकीकत ऐकून घेतली आणि पोट धरधरून हसले. मग मायेनं म्हणाले,

"लेका, 'मी कोण' हे असं चार गावांत विचारायचं नसतं. आणि 'मी आहे, मी आहे' असं ओरडायचं तर मुळीच नसतं. ज्याला हे कळून घ्यायचंय, त्यानं तान्ह्या लेकरासारखं व्हावं. लेकराला मी नाही, माझं नाही. डोळे मिटून गप पडून राहावं. मग आपण कोण ते आपोआप कुणीतरी कानात येऊन सांगतं."

"कानात?"

"अगदी कानात."

"कोण सांगतं?"

"ज्याचं काम आहे तो."

"कधी?"

"वेळ भरली की."

"हे आधी नाही का सांगायचं?" हैबती म्हणाला. आणि हे म्हणताना, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, त्याचा आवाज रडवेला झाला. वेळ तर उद्याच भरत होती.

बारशाच्या दिवशी तो मागच्या दारानं सासरी पोचला. एक डोळा सुजलेला, सदरा फाटलेला. पुढच्या ओट्यावर सर्जेराव माणसं जमवून बसला होता. "येऊ द्या तर खरं! काय सांगतोय ते बघू," असं म्हणून मिशीला पीळ देत होता. बायका स्वयंपाकघरात घुगऱ्या, निरांजनं, हळदकुंकू यांच्या गडबडीत होत्या. बनाक्का सकाळीच गाडीनं आली होती. आत्याच ती, कानात नाव सांगायचा मान तिचा. नाव काय ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

माजघरात मात्र कुणी नव्हतं. आढ्याला मोठा सागवानी पाळणा टांगलेला. चार पिढ्या त्यात झोपून गेलेल्या. हैबतीनं आत डोकावलं. त्याचा लेक झोपला होता. आणि लेकाच्या शेजारी, रीतीप्रमाणं, मसाला वाटायचा वरवंटा ठेवला होता. तेल लावलेला, काजळ घातलेला, डोक्यावर लाल टोपरं. पोर दगडासारखं टणक व्हावं म्हणून ठेवतात तो.

हैबतीनं बराच वेळ त्या वरवंट्याकडं बघितलं. विचार केला. दगडाला जर तान्हं लेकरू होता येतं, तर आपल्याला काय झालंय?

त्यानं पोराला अलगद उचललं. भिंतीशी सूप होतं, त्यात मऊ दुपटं घालून त्याला निजवलं. पोर जागंसुद्धा झालं नाही. मग वरवंटा काढून खाली ठेवला. त्याचं टोपरं आपल्या डोक्यावर घातलं, हनुवटीखाली नाडी बांधली. पाळण्यात चढला, गुडघे पोटाशी घेतले, पाळण्यावर सजवायला घातलेलं नवं लुगडं पांघरलं, डोळे मिटले आणि गप पडून राहिला.

बायका गाणं म्हणत आत आल्या. पाळण्याची कडी करकरली.

"काय बाई बाळसं धरलंय!" एक म्हणाली.

"वरवंट्याचं वजन गं ते," दुसरी म्हणाली.

गजरा पाटावर येऊन बसली. लुगड्याच्या कडेखालून एक काळा, भेगाळलेला अंगठा बाहेर आला होता. तो अंगठा तिच्या ओळखीचा होता. तिनं दचकून आजूबाजूला बघितलं. सुपात लेक शांत झोपलेला दिसला. गजरा तोंड उघडणार होती. पण बाहेरून बापाचं खाकरणं ऐकू आलं, आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

बनाक्का पुढं झाली. नाव सांगताना मागून बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, ते चुकत नाहीत. तिनं आधीच डोळे गच्च मिटले, पाठ ताठ केली, पाळण्यात वाकली, हातानं चाचपडून कान शोधला आणि नाव सांगितलं.

"बाळकृष्ण!"

"कुर्रर्र!" बायका ओरडल्या आणि बनाक्काच्या पाठीवर धपाधप बुक्के पडले.

"ऐकलं!" पाळण्यातून जाडाभरडा आवाज आला. "सांगितलं गं, कानात सांगितलं!"

बायका किंचाळल्या. निरांजनं पडली, घुगऱ्या घरभर उडाल्या. सर्जेराव आणि बाहेरची माणसं धावत आत आली. पाळण्यात टोपरं घातलेला, मिशीवाला, एक डोळा सुजलेला जावई उठून बसला होता. त्याच्या तोंडावर असा आनंद होता, की तसा शंभर वर्षं तप करणाऱ्यांनाही मिळत नाही.

"मामा! कळलं! मी कोण ते कळलं!"

"कोण?" सर्जेरावाच्या तोंडून निघून गेलं.

"मी बाळकृष्ण!"

मग सर्जेरावाची म्हातारी चुलती काठी टेकत पुढं आली. घरात तिच्यापुढं मिशांचं चालत नसे. म्हणाली, "सर्जा, तू विचारलंस तुम्ही कोण. त्यानं सांगितलं. दिव्यापुढं, पाळण्यात, आत्याच्या तोंडून मिळालेलं नाव सांगितलं. तुला तरी तुझं नाव असंच मिळालं. तू काय वर शोधून आला होतास? आता दिलेला शब्द पाळ."

चार माणसांनी माना डोलावल्या. सर्जेराव खाकरला. पुन्हा खाकरला. "बरं. सव्वा महिन्यानं पाठवतो," म्हणाला.

"पण आत्याबाई," तो बनाक्काकडं वळून काकुळतीला येऊन म्हणाला, "ते नाव नातवाचं होतं! ते परत तरी घ्या!"

"कानात गेलेलं नाव परत कसं निघणार?" म्हातारी म्हणाली. "कान का घागर आहे, उपडा करायला?"

गजरानं तोंडातला पदर काढला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं सुपातला लेक उचलून मांडीवर घेतला. "अहो बाळकृष्ण," ती नवऱ्याला म्हणाली, "तुमचं झालं. आता ह्याला काय हाक मारायची?"

हैबतीनं टोपऱ्याची नाडी सोडली. थोडा विचार केला. मग म्हणाला, "माझं जुनं द्या की त्याला. हैबती. आता ते रिकामंच आहे. तीस वर्षं वापरलंय, पण कुठं फाटलेलं नाही."

गजरानं लगेच वाकून पोराच्या कानात सांगून टाकलं. कुणाला अडवायलाही सवड मिळाली नाही. तेव्हापासून त्या घरात हैबती रडायचा आणि बाळकृष्ण त्याला जोजवायचा.